तिसरा पंच

१२ नोव्हेंबर

आजपासून रोज लिहायचं असा योगिनी मॅडमचा हुकूम आहे. रोज काही मी लिहिणार नाही, पण जेव्हा लिहीन तेव्हा खरं लिहीन, कारण हे दुसरं कुणी वाचणार नाही. विद्यार्थ्यांच्या वेबसाइट स्पर्धेत शेवटी एक पान द्यावं लागतं, ‘आम्ही काय शिकलो’. मागच्या वर्षी आमच्या कॉलेजचं ते पान इतकं गुळमुळीत होतं की परीक्षकांनी तिथेच गुण कापले. म्हणून मॅडम म्हणाल्या, संचिता, पहिल्या दिवसापासून टिपून ठेव.

विषय आहे खेळातलं तंत्रज्ञान. बाकीचे सगळे गट क्रिकेटच्या मागे धावले. तेच ते स्टंपातले दिवे आणि तेच ते स्क्रीनवरचे चेंडू. परीक्षक दुसऱ्या गटालाच जांभया देणार. मी कबड्डी घेतली. मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही, पण परीक्षकांनाही फार कळत नसणार. कोडिंग हर्षित करेल. तो आमच्याच बिल्डिंगमधला, हुशार आहे, फक्त त्याला सारखं हाकावं लागतं. बाकी सगळं माझ्याकडे.

वर्गात कबड्डी खेळणारा एकच, सुमित. मोहन्याहून येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. अकरावीचं अर्धं वर्ष गेलं, मी त्याच्याशी एकदाच बोलले होते, बॅग सरकव म्हणून. आज मधल्या सुट्टीत त्याला विचारलं, आमच्या वेबसाइटसाठी मदत करशील का. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मलाच कसंतरी झालं. मग विचारलं, वेबसाइटवर माझं नाव येणार का. मी म्हटलं, अरे नक्की.

१७ नोव्हेंबर, रविवार

मोहन्याला गेलो. एकटी जाऊ नकोस म्हणून आईने हर्षितला माझ्याबरोबर पाठवलं. डोंबिवलीत जन्म गेला, पण कल्याणच्या पलीकडे एवढं मोठं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

चाळींच्या मागे मैदान आहे. मॅटबिट काही नाही, माती. ती पोरंच चाळतात, खडे वेचतात, पाणी मारून बसवतात. शिकवतात ते चांगदेवकाका. तरुणपणी रेयॉनच्या कारखान्याच्या संघातून खेळायचे म्हणे. गुडघे गेलेत, खुर्चीत बसून ओरडतात.

इथला एक रिवाज फार मजेशीर आहे. सरावाला पंच नसतो. चढाई करणारा कुणाला शिवून मधल्या रेषेपर्यंत परत पोचला, की ज्याला शिवलं तो स्वतःच हात वर करतो आणि बाहेर जातो. मॅचमध्येसुद्धा हेच, पंचाने शिट्टी मारायच्या आधी. पंचाला दिसलं नसलं तरी. काका म्हणाले, बाहेरच्या टीमा हसतात आम्हाला, हसू दे. मी विचारलं, आणि कुणी नाही केला हात वर तर? त्यांनी मैदानाच्या कडेला पाइप धरून उभ्या असलेल्या एका पोराकडे बोट दाखवलं. त्याने दिवाळीच्या सामन्यात हात वर केला नव्हता. तेव्हापासून तो फक्त पाणी मारतो आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याची शिक्षा कधी संपणार ते काका सांगत नाहीत.

हे मला वेबसाइटसाठी एकदम पर्फेक्ट वाटलं. तंत्रज्ञानाच्या आधीचा काळ. मी सुमितला विचारलं, घाईगडबडीत शिवलं गेलं ते कळतं तरी का. तो हसला आणि म्हणाला, “लागलं की कळतं ना. तुझ्या पायाला कुणी हात लावला तर तुला नाय कळणार काय?”

हे वाक्य मी ‘पारंपरिक समजुती’ या मथळ्याखाली टाकणार आहे.

सुमित उजव्या कोपऱ्यात उभा राहतो. तिथून तो चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो. वर्गात जो मुलगा उत्तर येत असूनही मान खाली घालतो, तो इथे वेगळाच दिसतो. सगळी पोरं त्याच्याकडे बघून जागा बदलतात. काका म्हणाले, डिसेंबरात कल्याणला तालुक्याची स्पर्धा आहे, त्यातून ठाणे जिल्ह्याच्या शिबिरासाठी नावं जातील, आणि याचं गेलं तर पुढे पोलीस म्हणा, रेल्वे म्हणा, खेळाडूंच्या जागा असतात. सुमितच्या घरात कुणालाच अजून कायमची नोकरी नाही. हे काकांनी त्याच्यासमोरच सांगितलं आणि तो पायाने माती सारखी करत राहिला.

२३ नोव्हेंबर

वेबसाइटचं नाव ठरलं, ‘तिसरा पंच’. मी सुचवलं. हर्षितला ‘कबड्डी टेक’ हवं होतं, पण ते ऐकून झोप येते.

आज सुमित आमच्या घरी आला होता, त्याच्या आवाजात खेळाचे नियम रेकॉर्ड करायला. आवाज चांगला आहे, पण ‘न’ आणि ‘ण’ची बोंब. चारपाच वेळा वाचून घेतलं, शेवटी हर्षितच्या आवाजात केलं. सुमितला वाईट वाटलं नसावं, तो म्हणाला, याचं भारी येतंय.

आईने सरबत दिलं. हर्षितला नेहमीच्या काचेच्या ग्लासात आणि सुमितला वाढदिवसाच्या उरलेल्या कागदी पेल्यात. मी नंतर विचारलं तर म्हणाली, ग्लास धुतलेले नव्हते. आमच्याकडे ग्लास कधीपासून कमी पडायला लागले कुणास ठाऊक. सुमितने पेला स्वतःच दुमडला आणि जाताना खिशात घालून नेला. मी म्हटलं अरे कचऱ्याचा डबा इथेच आहे, तर म्हणाला, राहू दे.

२८ नोव्हेंबर

वेबसाइट दिसते छान आणि आत काहीच नाही, अशी अवस्था आहे. सेन्सर, मॅट, हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे, सगळं इथूनतिथून वाचून लिहिलेलं. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, यात तुमचं स्वतःचं काय आहे? मला इतका राग आला. पण त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे पंचाला न दिसलेली एखादी गोष्ट हवी, जी आपल्या कॅमेऱ्याने पकडली. नाहीतर ‘तिसरा पंच’ या नावाला अर्थ काय?

१ डिसेंबर, रविवार

मोहने जिंकलं. एका गुणाने. माझा घसा बसलाय.

अंतिम सामना कल्याणला होता. मी मैदानाच्या एका कोपऱ्यात फोन घेऊन उभी राहिले, हर्षित समोरच्या. दोन्ही फोन स्लो मोशनवर. शेवटची चढाई समोरच्या संघाची. त्यांचा उंच पोरगा थेट सुमितच्या अंगावर गेला, पाय लांब टाकला आणि वळून पळाला. रेषेवर पोचून दोन्ही हात वर करून नाचायलाही लागला, म्हणजे शिवलं असं त्याचं म्हणणं. सगळं मैदान सुमितकडे बघत होतं. सुमित जागेवर उभा. पंचाने हात हलवला, नाही लागलं. शिट्टी वाजली आणि मोहन्याची पोरं त्याच्यावर पडली.

चांगदेवकाका खुर्चीतून उठले होते. त्यांनी पंचाकडे बघितलंच नव्हतं, सुमितच्या हाताकडे बघत होते. हात वर गेला नाही म्हटल्यावर ते खाली बसले आणि डोळे पुसायला लागले.

शिबिरासाठी त्याचं नाव पाठवणार. तो धावत आमच्याकडे आला, कपाळाला माती, आणि विचारलं, घेतलं का शेवटचं? आईला दाखवायचंय. खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं. मी कुणाच्या जिंकण्यावर इतकी खूश कधीच झालेली नाही.

३ डिसेंबर

सापडलं.

माझ्या क्लिपमध्ये त्या उंच पोराचा अंगठा सुमितच्या घोट्याला लागताना दिसतो. सावकाश चालवलं की अगदी स्पष्ट. अंगठा येतो, घोट्यावर टेकतो, निघतो. पंचाला दिसलं नाही आणि आमच्या कॅमेऱ्याला दिसलं. मी खुर्चीतून उडालेच.

हर्षितच्या क्लिपमध्ये मात्र लागत नाही. तिथे अंगठा आणि घोट्यामध्ये फट दिसते, मागचा पांढरा पट्टा त्या फटीतून दिसतो. हर्षित म्हणाला, तुझ्या बाजूने एकामागे एक आल्यामुळे चिकटल्यासारखं वाटतंय. तो म्हणाला, दोन्ही टाकू, कोन बदलला की कसं फसतं ते दाखवू. मी तीनदा बघितली. फट दिसते हे खरं आहे. पण उजेड मागून होता, उजेडाने कधीकधी काहीही दिसतं. आणि पानाचा मथळा आहे ‘पंचाला जे दिसलं नाही’. तिथे दोन क्लिप टाकून ‘असेलही, नसेलही’ असं लिहिलं तर माणूस म्हणणार, मग तुम्ही केलंत काय? टिपून ठेवते, ‘एका पानावर एकच उत्तर हवं.’

मॅडमना माझी क्लिप दाखवली. म्हणाल्या, हेच तुमचं बक्षिसाचं पान. दुसरी दाखवायची वेळच आली नाही.

हर्षितचा फोन म्हणजे त्याच्या बाबांचा जुना डबा, सारखा भरतो. त्याची क्लिप मी माझ्या फोनमध्ये घेतली आणि त्याने त्याच्याकडची काढून टाकली.

सुमितला आधी विचारावं का? मनात आलं होतं. पण विचारलं तर तो नाही म्हणेल, मग टाकता येणार नाही. म्हणून नाही विचारलं.

७ डिसेंबर

पान चढवलं. अंगठ्याभोवती लाल गोल, खाली मी लिहिलेलं, ‘स्पर्श झाला. पंचाने पाहिला नाही. बचावपटूने हात वर केला नाही. माणूस चुकतो, कॅमेरा चुकत नाही.’ सुमितचं नाव घातलं नाही, इतकी अक्कल मला आहे. फक्त ‘बचावपटू क्रमांक सात’ लिहिलं. त्याचं नाव दिलेल्या शब्दाप्रमाणे आभाराच्या पानावर आहे, ‘खेळाडू म्हणून सहकार्य, सुमित, मोहने’.

९ डिसेंबर

आमचं पान कल्याणच्या कबड्डीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय! हर्षितने आकडा दाखवला तेव्हा मला खरंच वाटेना. खाली लोकांनी लिहिलंय, मोहनेवाले हात वर करणारे म्हणे, बघा यांचे हात. कुणी सुमितच्या आडनावावरून काहीतरी घाण लिहिलं होतं, ते मी काढून टाकलं. आपल्या साइटवर असलं नको, परीक्षक बघतात.

सुमित आज आला नाही.

११ डिसेंबर

सुमित आला. मधल्या सुट्टीत सरळ माझ्या बाकापाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं आरडाओरडा करणार, मला जराशी भीतीही वाटली. तो हळूच म्हणाला, “मला लागलंच नाही. लागलं असतं तर मी गेलो असतो.”

मी म्हटलं, अरे पण दिसतंय ना. तो म्हणाला, तुझ्या बाजूने दिसतंय, हर्षितच्या बाजूचं दाखव. आजूबाजूला सगळे ऐकत होते. मला अशा वेळी कुणी जाब विचारलेला अजिबात चालत नाही. मी म्हटलं, ती कुठे आहे बघावं लागेल, शोधते. क्लिप त्या वेळी माझ्या हातातल्या फोनमध्येच होती. पण सगळ्यांसमोर काढून दाखवली असती तर आमच्या साइटची तिथल्यातिथे वाट लागली असती.

तो थँक्यू म्हणाला. कशाबद्दल कोण जाणे.

१५ डिसेंबर, रविवार

दुपारी सुमितची मोठी बहीण घरी आली, अमृता. कल्याणला औषधांच्या दुकानात काम करते, सुट्टी होती म्हणून आली. आईने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, संचिताची परीक्षा जवळ आलीय. मीच तिला आत ये म्हटलं. ती नको म्हणाली आणि दारातच बोलली.

सुमित आता मैदानावर पाणी मारतो. त्या आधीच्या पोराच्या हातातला पाइप आता याच्या हातात आलाय. कुणी त्याच्याशी बोलत नाही, ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं तेही नाही. चांगदेवकाकांनी शिबिराच्या यादीतून त्याचं नाव स्वतःच काढलं. पंचाने, तालुक्याने, कुणीच सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून. म्हणाले, हात वर न करणाऱ्याचं नाव माझ्या हाताने जाणार नाही. यादी शनिवारी ठाण्याला जाते. त्याच्या आत काकांना दुसऱ्या बाजूचं शूटिंग दाखवलं तर ते नाव परत घालतील.

“जेवत नाही तो,” ती म्हणाली. “आईला बोलला, मला लागलं असेल पण कळलं नसेल काय गं. तू फक्त ती क्लिप पाठव. वेबसाइटवर काय ठेवायचं ते ठेव.”

मी म्हटलं शोधते ताई. ती म्हणाली, तुझ्याच फोनमध्ये आहे असं हर्षित बोलला. मला हर्षितचा असा संताप आला. एका गटात राहून बाहेर बोलायचं म्हणजे काय?

बाबांना विचारलं. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, सादरीकरणाच्या आधी स्वतःच्या कामात स्वतः खोट काढायची नसते, झाल्यावर बघ. त्यांना ऑफिसचा अनुभव आहे. शनिवारी सकाळीच आमचं सादरीकरण आहे, म्हणजे दुपारी पाठवता येईल. तसा उशीर होणार नाही. यादी काही उजाडताच जात नसणार.

क्लिप पाठवली तर काका ती ग्रुपवर टाकणार, आणि मग ती परीक्षकांपर्यंत पोचणार. हे मला कळतंय. मी काही वाईट मनाने थांबलेली नाही.

१९ डिसेंबर

फोनमध्ये जागा नाही. उद्या सादरीकरणाचा व्हिडिओ रेकॉर्ड करायचाय आणि फोन म्हणतो जागा करा. सगळ्यात मोठे व्हिडिओ वर आले, ते निवडत गेले. त्यात तीही होती. मी थांबले होते, नाही असं नाही. आईने जेवायला हाक मारली. मग काढून टाकलं, आणि तेवढ्याने जागा होत नाही म्हणून कचऱ्यातूनही काढलं. फोनने विचारलं, कायमचं काढायचं का. तो प्रत्येक वेळी तसं विचारतो.

आता एकदम हलकं वाटतंय. इतके दिवस तोच एक भुंगा डोक्यात होता.

२१ डिसेंबर

पहिले आलो! जिल्ह्यात पहिले!

ठाण्यात बाळकुमला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. क्रिकेटवाल्यांचे सहा गट, लोक पेंगत होते. आमचा लाल गोल पडद्यावर आला आणि सगळे ताठ बसले. एक परीक्षक महेंद्र सर, स्वतःची कंपनी आहे त्यांची, त्यांनी एकच प्रश्न विचारला. एका बाजूचा कॅमेरा फसवू शकतो, तुम्ही दुसऱ्या बाजूने तपासलं का?

मी सांगितलं, सर, आमच्याकडे एकाच बाजूचं चित्रीकरण आहे.

आणि ते तेव्हा खरंच होतं. हर्षित खाली फरशीकडे बघत राहिला. सर म्हणाले, प्रामाणिक उत्तर दिलंस, पुढच्या वेळी दोन कॅमेरे लाव. ते मी टिपून घेतलं.

बक्षीस घेताना मॅडमनी माझा हात दाबला. परतताना बाबांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, हर्षितने खाल्लं नाही. म्हणाला घसा दुखतोय.

२४ डिसेंबर

सुमितला सांगितलं, क्लिप चुकून गेली. तो म्हणाला, ठीक आहे, यादी पण गेली. मग म्हणाला, आभारातून माझं नाव काढशील का? मी म्हटलं, अरे आभारच मानलेत, त्यात वाईट काय?

त्याने पुन्हा नाही विचारलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

४ जानेवारी

हर्षितने गट सोडला. सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून माझ्या आईकडे देऊन गेला, मला भेटलाही नाही. समोरासमोर राहतो, लिफ्टमध्ये मोबाइल बघतो. लोकांना यश पचत नाही हेच खरं. सुमितने शेवटचा बाक बदललाय, आता दाराजवळ बसतो.

राज्याच्या फेरीसाठी एक पान जोडता येतं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या वेबसाइटमुळे समाजात काय बदल झाला ते दाखवा, परीक्षकांना ते फार आवडतं. मी विचार करून करून थकले. बदल कुठून आणू?

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा मोहन्याला गेले होते. एकटीच. महेंद्र सरांचं ऐकून या वेळी दोन फोन नेले, माझा आणि बाबांचा, दोन्ही बाजूंनी स्टँडवर लावले. पोरांनी मला जागा करून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पाइप आता कुणाच्याच हातात नव्हता. चांगदेवकाकांनी सुमितला परत खेळायला घेतलंय, त्याच उजव्या कोपऱ्यात. मी खूश झाले, म्हटलं चला, मिटलं एकदाचं.

पहिली चढाई झाली. पोरगा आत आला, डावीकडून फिरला आणि परत गेला. तो सुमितच्या आसपासही आला नव्हता, दोघांच्या मधून एखादं माणूस चालत गेलं असतं. सुमितने हात वर केला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

काका म्हणाले, सुमित, लागलं नाही, आत ये. तो आला. दुसरी चढाई, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर चढाई करणारा अजून मधल्या रेषेवरच होता. पोरं आधी हसली. मग एकाने त्याला हाताला धरून जागेवर आणून उभं केलं, तर तो उभा राहिला आणि उभ्याउभ्याच त्याने दुसरा हात वर केला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. वर्गात हजेरी देतात तसा.

चांगदेवकाका खुर्ची सोडून माझ्यापर्यंत चालत आले. त्या गुडघ्यांनी त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, “पोरी, मी पंचाचं ऐकलं नाही, त्याचं ऐकलं नाही, तुझ्या त्या गोलाचं ऐकलं. आता तो कुणालाच धरत नाही. याला सांग ना, नव्हतं लागलं म्हणून. तुझं ऐकेल तो.”

मी म्हटलं, काका, मी कसं सांगणार, माझ्याकडे आता पुरावा नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. ऊन फार होतं म्हणून मी स्टँड आवरायला घेतले.

निघताना सुमित मैदानाच्या कडेला बसला होता. मी म्हटलं, छान वाटलं रे तू परत खेळतोयस ते. तो चटकन उठला आणि बाजूला झाला, मला जायला भरपूर जागा सोडून.

परतताना रिक्षात सगळं बघितलं आणि एकदम डोक्यात आलं, बदल बदल म्हणतात तो हाच की. शोधत कुठे होते मी! घरी येऊन पान करूनच टाकलं. डावीकडे डिसेंबरातला सामना, बचावपटू क्रमांक सात, हात खाली. उजवीकडे आजचा फोटो, तोच खेळाडू, हात वर. खाली लिहिलं, ‘आमच्या वेबसाइटनंतर एका खेळाडूच्या प्रामाणिकपणात झालेला बदल.’ मॅडमना पाठवलं, त्यांनी लगेच कळवलं, अंगावर काटा आला.

एकच अडचण होती. दोन्ही फोनमध्ये चढाई करणारा फार लांब दिसतो, मधली सगळी मोकळी माती दिसते. बघणारा विचारेल, मग याने हात का वर केला? म्हणून मी फोटो हातापुरता कापला. आता हात अगदी स्पष्ट दिसतो.